वळणापर्यंतचा आवाज

माझ्या वडिलांना रस्ता ओलांडताना इकडेतिकडे बघायची सवय नव्हती. दिंद्रुडला रस्त्याकडेला त्यांचं गॅरेज होतं आणि बरोबर समोर चहाचं हॉटेल. दिवसातून सात-आठ वेळा ते रिकामे ग्लास घेऊन मान खाली घालून पलीकडे जायचे आणि भरलेले घेऊन तसेच मान खाली घालून परत यायचे. परगावच्या माणसाला बघून धडकी भरायची. आम्हाला काही वाटायचं नाही, कारण माजलगावकडून काय येतंय आणि किती लांब आहे हे आमच्या डोळ्यांआधी त्यांच्या कानाला कळायचं. "थांब, ट्रक हाय. रिकामा हाय," असं म्हणून ते पाय मागे घ्यायचे. मग ट्रक दिसायचा, आणि तो रिकामाच असायचा.

आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. सगळं गावच म्हणायचं. इंजीन उघडायच्या आधी ते ऐकायचे. त्यांच्याजवळ लाकडी मुठीचा, हातभर लांब एक पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, होता. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ गॅरेजात कुणी बोलायचं नाही. समोरचे हॉटेलवाले काकाही टेप बारीक करायचे. गाडी घेऊन आलेला माणूस "सकाळपून झटके मारायलीय, मला वाटतंय की" असं काही सुरू करायचा, तर आण्णा हात वर करायचे. "तू सांगू नको बे. तिला सांगू दे." गाडीवाला ओशाळून गप्प व्हायचा. मोठमोठ्या बागायतदारांना त्यांनी असं गप्प केलेलं मी पाहिलंय, आणि त्यातल्या एकालाही राग आला नाही.

गाडी नीट झाली, मालक घेऊन निघाला, तरी आण्णांचं काम संपायचं नाही. ग्रीसनं काळे झालेले हात अंगापासून लांब धरून ते गॅरेजच्या दारात उभे राहायचे. माजलगावच्या बाजूला लिंबाच्या झाडापाशी रस्ता वळतो. गाडी त्या वळणापलीकडे जाऊन तिचा आवाज विरला की मगच ते हात धुवायचे. मध्येच काही खटकलं तर गाडीवाल्याला फोन लावायला सांगायचे आणि परत बोलवायचे. मायनं भाकरी वाढून ठेवलेली असायची, ती निवायची. माय म्हणायची, "लेकीला नांदायला धाडताना तरी इतका येळ दारात उभं राह्यले का?" ते हसायचे, पण हात धुवायचे नाहीत.

हॉर्नशी त्यांचं वैर होतं. "हॉर्न माणसाचा आवाज हाय, गाडीचा न्हाई," म्हणायचे. दारात कुणी हॉर्न वाजवला तर ते मुद्दाम वर बघायचे नाहीत. त्यामुळे मला गाडी शिकवली तेव्हा हॉर्न सोडून सगळं शिकवलं.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. एखादं इंजीन आतून पार संपलेलं असलं, आणि मालक जीव लावून बसलेला असला, तर आण्णांच्या तोंडून खरं निघायचं नाही. पेचकस खाली ठेवून ते म्हणायचे, "वयाच्या मानानं ठीक हाय." आमच्या भागात या वाक्याचा अर्थ पोरासोरांनाही ठाऊक होता. आण्णा असं म्हणाले की मालक दोन दिवस घरात उदास बसायचा आणि तिसऱ्या दिवशी गाडी भंगारात द्यायचा.

मी त्यांची एकुलती एक. बीडला जाऊन डिप्लोमा केला, माजलगावात लग्न झालं, तिथल्याच एका गाड्यांच्या शोरूममध्ये सर्व्हिस विभागात लागले. माझ्या तोंडाला कुलूप नाही, असं माय सगळ्या सोयऱ्यांना सांगत आलीय. सासरीही माझी तीच ख्याती आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे झालं त्यात मी तोंड उघडलं नाही.

गाड्या बोलायच्या बंद झाल्या त्या एकदम नाही. आधी कार्ब्युरेटर गेला. पेट्रोल किती सोडायचं हे एक काळी डबी ठरवू लागली. आण्णांनी पेचकस लावला की इंजीन छान ऐकू यायचं, तरी मीटरमध्ये पिवळा दिवा जळत राहायचा. त्या दिव्याला काय म्हणायचंय हे कळायला वेगळं मशीन लागायचं, आणि ते मशीन माझ्या हातात असायचं. वायर जोडली की पडद्यावर एक नंबर यायचा. तो नंबर पुस्तकात बघायचा आणि पुस्तक म्हणेल तो भाग बदलायचा. एकदा मोठ्या दिमाखानं मी ते मशीन आण्णांना दाखवायला आणलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"म्हंजे तू गाडीला इचारीतच न्हाईस," ते म्हणाले. "गाडीनं ह्याला सांगितलं, ह्यानं तुला सांगितलं. चुलत्याकडून निरोप आल्यावानी."

"पण बिनचूक असतंय, आण्णा."

"आसंल की," म्हणाले आणि मशीन जपून माझ्या हातात परत दिलं.

शहरातली माणसं या सगळ्याला क्रांती म्हणतात. आमच्याकडे ती आली तेव्हा तिनं कुणाशी भांडण केलं नाही. तिनं आण्णांना चुकीचंही ठरवलं नाही. नव्या गाडीला बाहेरच्या माणसानं पाना लावला की गॅरंटी जाते, एवढं एक कलम तिनं छापलं. लोक आण्णांना नमस्कार करून पुढे माजलगावला जायला लागले. जुन्या जीपा, ट्रॅक्टर आणि शेतातले डिझेल पंप तेवढे त्यांच्याकडे राहिले. त्यावर ते खूश होते. मला मात्र दोन शटरची, ऐन रस्त्यावरची ती जागा डोळ्यांपुढे दिसायला लागली.

कारण नवऱ्यानं आणि मी बॅटरीवरच्या गाड्यांची एजन्सी घ्यायचं ठरवलं होतं. कंपनीला रस्त्याला तोंड असलेली जागा हवी होती. तेव्हा भागात अशा गाड्या नवीन होत्या. हॉटेलवाले काका म्हणाले होते, "नव्याचे नऊ दिवस." माझा अंदाज वेगळा होता आणि तो खरा ठरला, पण त्याचा आनंद आता सांगण्यासारखा उरलेला नाही. मी आण्णांना जागा मागितली. ते रागावले नाहीत. घोंगडीवर स्पॅनर ओळीनं मांडत म्हणाले, "माझा कान हाय तवर हे दुकान हाय, बाई. कान गेला की समदं तुझंच हाय."

मी तोंडानं "बरं" म्हटलं आणि मनात त्यांचं वय मोजलं. हे लिहिताना हात थबकतो, पण खरं तेच आहे.

कंपनीनं गिऱ्हाइकांना दाखवायला म्हणून बॅटरीवरची एक स्कूटर दिली. ती घेऊन मी माजलगावहून निघाले ती भर दुपारी, उसाच्या हंगामात. आण्णांना चकित करायचं होतं. लिंबाचं वळण घेतलं तेव्हा समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता, मागे दोन ट्रॉल्या, वर स्पीकर लावलेला. आण्णा गॅरेजपुढे ग्लास घेऊन उभे होते. ट्रॅक्टर जायची वाट बघत होते. तो गेला आणि त्यांनी मान खाली घालून रस्त्यावर पाय टाकला.

मला ते दिसत होते. हॉर्नचं बटन अंगठ्याखाली होतं. मी ते दाबलं नाही. उभ्या आयुष्यात मी माझ्या बापासाठी हॉर्न वाजवलेला नव्हता. त्यांना कळतं, ते थांबतील, हे माझ्या अंगात इतकं मुरलं होतं की मी ब्रेकही उशिराच लावला.

हँडल त्यांच्या कमरेला लागलं. ते उजव्या हातावर पडले. ग्लास फुटले. मी गाडी टाकून धावले, समोरून हॉटेलवाले काका आले. आण्णांचं मनगट वाकडं झालं होतं, पण ते मनगटाकडे बघत नव्हते. माझ्याकडे, मग गाडीकडे बघत होते.

"ही व्हती व्हय," ते म्हणाले. "मला ऐकूच आली न्हाई."

"आवो आण्णा, बॅटरीवरली हाय ती," काका म्हणाले. "आवाजच न्हाई तिला."

"चाकाला आवाज असतो का न्हाई बे? टायर घासतंय, बेरिंग फिरतंय, वारा कापतंय. सायकलीला कुठं इंजीन हाय? ती कशी ऐकू येती मला?"

आण्णा तसेच मातीत बसून राहिले. दवाखान्यात प्लास्टर घालतानाही ते हाताबद्दल काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तेच. मायनं हाक मारली की ती पहिल्या हाकेला ऐकू आली का दुसऱ्या, याचा हिशेब करत बसायचे. माणूस पडला, हात मोडला, पण त्यांच्या लेखी मोडला होता तो कान. जगात अशी गाडी असू शकते की जी त्यांना ऐकू येणार नाही, हे त्यांना पटतच नव्हतं. दोष आपल्यातच असणार, अशी त्यांची खात्री झाली. दुसरा कुणी असता तर त्यानं स्कूटरला शिव्या घातल्या असत्या.

प्लास्टर निघाल्यावर मी त्यांना बीडला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. काचेच्या छोट्या खोलीत बसवून त्यांना हेडफोन लावला. आवाज आला की बटन दाबायचं होतं. मी बाहेरून बघत होते. त्यांनी सवयीनं डोळे मिटले. ते बटन दाबत होते, पण प्रत्येक वेळी डोळे उघडून काचेतून माझ्याकडे बघत होते. बाहेर आल्यावर "मी खाली थांबतो" म्हणाले आणि रसवंतीच्या सावलीला जाऊन उभे राहिले. निकाल ऐकायची त्यांची छाती झाली नाही.

डॉक्टरांनी कागद माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "सगळं आयुष्य इंजिनाजवळ काढलं म्हणता? मग तर नवलच आहे. या वयात इतकं बारीक ऐकणारा माणूस मी फार पाहिलेला नाही. कशासाठी आणलंत यांना?"

मी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. जिना उतरताना मी आनंदात होते, हे शपथेवर सांगते. चौथ्या-पाचव्या पायरीवर मला दोन शटर आठवली. उरलेल्या पायऱ्या मी सावकाश उतरले.

आण्णा रसाचा ग्लास तसाच हातात धरून उभे होते. "काय म्हणले?"

मी म्हटलं, "वयाच्या मानानं ठीक हाय म्हणले."

खोटं काहीच नव्हतं त्यात. कुणी कोर्टात उभं केलं असतं तर मी सुटले असते. पण ते वाक्य मी कुणाला म्हणते आहे आणि ते कुणाचं आहे, हे मला पक्कं माहीत होतं. आण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली आणि रस संपवला. ग्लास विसळून परत दिला. त्यांच्या दारात बसून ज्या गाडीमालकांनी हे वाक्य ऐकलं होतं, त्यांच्यासारखेच ते दोन दिवस घरात बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी गॅरेजची किल्ली माझ्या हातात ठेवली.

हत्यारं एका पोत्यात भरून गॅरेजमागच्या आमच्या घरी, गोठ्याच्या कोपऱ्यात गेली. पेचकस त्यांनी स्वतः फडक्यात गुंडाळून ठेवला. गॅरेजच्या जमिनीत तेल इतकं मुरलं होतं की फरशीवाल्याला वरचा थर खणून काढावा लागला. मग पांढरी फरशी, काच, एसी. उद्घाटनाला आण्णांनी फीत कापली. फोटोत ते हसताहेत. हॉटेलवाले काका स्कूटरवर हात फिरवत म्हणाले, "कानामागून आली अन् तिखट झाली, बघा," आणि मग आण्णांकडे बघून त्यांनी हात मागे घेतला.

त्यानंतर माझे वडील बहिरे झाले. म्हणजे त्यांनी बहिऱ्या माणसासारखं राहायला सुरुवात केली. कुणी बोललं की "आँ?" म्हणून तळहात कानाशी न्यायचे. रस्ता ओलांडताना लहान मुलासारखे आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे बघायचे. गाड्या जायच्या तेव्हा मान वळवायचे नाहीत. शोरूमच्या पायरीवर खुर्ची टाकून बसायचे आणि हातांचं काय करावं हे न कळून ते मांडीवर उपडे ठेवायचे. हात स्वच्छ असायचे. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी आत काचेमागे कामात राहायचे.

माय काही दिवसांनी म्हणाली, "फोडणीत मोहरी तडतडली की ह्यांना बाहीर बाजेवर कळतंय. आन् म्हणे कान गेला. तो डाक्टरचा कागद वाच की मला."

"हरवला," मी म्हटलं. कागद पर्समध्येच होता. माय वाचू शकत नाही, पण माझं तोंड तिला वाचता येतं. त्या दिवसापासून ती आण्णांशी मुद्दाम हळू आवाजात बोलायला लागली. ते मात्र तिला दोनदा विचारल्याशिवाय उत्तर द्यायचे नाहीत.

एकदा जीपवाले मामा आले. मामा म्हणजे आण्णांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. दिंद्रुड ते माजलगाव त्यांची काळी-पिवळी चालायची, निम्म्या गावाला त्यांनी बाजारला आणि दवाखान्यात नेलेलं. जीपमधून ठक ठक असा जड आवाज येत होता. एसीतूनही मला ऐकू येत होता. मामांनी इंजीन चालूच ठेवलं आणि पायरीशी येऊन बसले.

"आण्णा, निस्तं ऐकून सांगा. हात लावू नका. काय म्हणतीय ती?"

आण्णा जीपकडे बघत राहिले. मांडीवरचं त्यांचं एक बोट हलत होतं. मग ते म्हणाले, "मला आता ऐकू येत न्हाई, मामा. माजलगावला दावा."

माजलगावला सांगितलं की बेरिंग गेलं, अख्खं इंजीन खोलावं लागंल. मामांच्या अंगात तेवढी हिंमत उरली नव्हती. जीप भंगारात गेली. महिन्याभरानं मामांनी माझ्याकडूनच बॅटरीची रिक्षा घेतली. मी तिला झेंडूचा हार घातला, पेढे वाटले, फोटो काढला. मामा फोटोत नव्या रिक्षाला हात लावून उभे आहेत आणि आण्णा त्यांच्या शेजारी. दोघंही कॅमेऱ्याकडे न बघता खाली बघताहेत.

धंदा चालला. मी डिप्लोमा करून शिकलेलं आता फारसं लागत नाही. गाडी बिघडली तर बिघाड आधी कंपनीच्या फोनवर जातो, मग माझ्या. ते सांगतात तो डबा काढायचा आणि त्यांनी पाठवलेला बसवायचा. काढलेल्या डब्यात काय झालं होतं हे मला कुणी सांगत नाही आणि तो उघडायची मला परवानगी नाही. आण्णांचं मशीनबद्दलचं बोलणं मला तेव्हा वारंवार आठवायचं. चुलत्याचा निरोप आता परगावच्या चुलत्याकडून यायला लागला होता.

मग एक दिवस कंपनीचं पत्र आलं. नव्या मॉडेलमध्ये एक छोटा स्पीकर येणार होता. गाडी हळू चालत असताना तो घुमल्यासारखा आवाज काढणार. कारण दिलं होतं: रस्त्यावरच्या माणसांना या गाड्या ऐकू येत नाहीत, त्यामुळे अपघात होतात. तीन ओळींत, साध्या भाषेत. ज्यांनी गाडी बनवली त्यांनीच लिहून दिलं होतं की चूक ऐकणाऱ्याची नाही. मी ते दोनदा वाचलं. दीड वर्ष पर्समध्ये घडी करून ठेवलेला दुसरा कागद काढला आणि मागच्या घरी गेले.

दुपार टळली होती. आण्णा अंगणात बाजेवर बसून सुतळी वळत होते. माय उंबऱ्यात होती. मी खाली जमिनीवर बसले आणि हळू आवाजात, अगदी कुजबुजल्यासारखं, डॉक्टरांचा कागद वाचला. डॉक्टर काय म्हणाले होते ते सांगितलं. रसवंतीपाशी मी काय म्हणाले आणि का म्हणाले, तेही सांगितलं. "मला जागा पायजे व्हती, आण्णा," मी म्हटलं.

त्यांनी "आँ?" म्हटलं नाही. सुतळी हातातच राहिली. मग ते म्हणाले, "म्हंजे ह्या दीड वर्सात मी जे ऐकलं, ते समदं खरं व्हतं?"

मला प्रश्न कळला नाही.

"मला वाटायचं कान वाजायलेत. जुनंच डोक्यात घुमायलंय. पलीकडल्या मळ्यातला पंप मधीच एक ठोका खायचा, मी म्हणायचो, भास हाय. बहिरा माणूस, त्याला कुठं ठोका कळतोय." त्यांनी सुतळी बाजूला ठेवली. "मामाच्या जीपचं बेरिंग गेलं नव्हतं. डिझेल फवारणाऱ्या एका नोझलची सुई अडकली व्हती. त्याचा आवाज तसाच जड येतोय. अर्ध्या तासाचं काम. मला तवाच ऐकू आलं व्हतं."

माय उंबऱ्यातून उठून आत गेली. आत भांडं पडल्याचा आवाज झाला.

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी ओढून घेतले नाहीत, माझ्या डोक्यावर हातही ठेवला नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते माझ्याकडे बघत होते, न समजल्यासारखे, त्या दिवशी मातीत बसून स्कूटरकडे बघत होते तसे.

"जागा पायजे व्हती तर जागा घ्यायची व्हतीस, बाई," ते म्हणाले. "कान कशापायी घेतलास?"

ज्या तोंडाला कुलूप नाही म्हणतात ते उघडेना.

ते उठले आणि गोठ्यात गेले. पोतं ओढल्याचा आवाज आला. हत्यारं घेऊन बाहेर आले आणि अंगणात उभ्या असलेल्या माझ्या स्कूटरपाशी उकिडवे बसले. ती तीच होती, त्यांना पाडणारी. दाखवायची गाडी पुढे मीच वापरायला घेतली होती.

"हिच्या पुढच्या चाकाला ब्रेक घासायलाय," ते म्हणाले.

मला कधीच जाणवलं नव्हतं. मी तिच्यावर रोज माजलगावहून येत होते आणि जात होते.

"लई दिवस झाले. तू सकाळी वळणावर आलीस की बारीक चीं चीं यायची. मी बाजेवरून उठून बसायचो. मंग वाटायचं, लेकीची वाट बघून बघून कान वाजायलेत. पडून राह्यचो." हे ते मला सांगत होते की चाकाला, कळत नव्हतं. "तू दारात आलीस की मंग उठायचो."

त्यांनी ब्रेक खोलला. आतली पिन कोरडी पडली होती. पॉलिश पेपरनं ती घासली, ग्रीस लावलं, पॅडच्या कडा साफ केल्या. मोडून जुळलेल्या मनगटानं पाना नीट फिरत नव्हता, म्हणून ते मध्येच डाव्या हातानं आवळत होते. मी मदतीला पुढे झाले तर कोपरानं मला बाजूला केलं. शेवटी चाक उचलून फिरवलं आणि फडक्यातून पेचकस काढून मूठ कानामागे लावली. डोळे मिटले. माय दारात येऊन थांबली. दीड वर्षानं ते ऐकत होते, आणि आम्ही दोघी जागच्या जागी उभ्या होतो. चाक फिरत होतं. काहीच आवाज नव्हता.

"झालं," ते म्हणाले. "जा आता. दिवस मावळंल."

"हात धुवा, आण्णा. जेवून घ्या."

"तू जा."

मी निघाले. लिंबाच्या वळणाशी येऊन थांबले आणि मागे पाहिलं. ते रस्त्यापर्यंत आले होते. शोरूमच्या पांढऱ्या पायरीशी, पूर्वी गॅरेजचं दार होतं तिथे, काळे हात अंगापासून लांब धरून उभे होते. मान किंचित वाकडी, कान माझ्या बाजूला. गाडीत ऐकू येण्यासारखी जी एक गोष्ट होती, ती त्यांनी आत्ताच आपल्या हातानं दुरुस्त केली होती. मी वळणापलीकडे गेले की नाही, हे त्यांना कशावरून कळणार होतं?

मी हॉर्न वाजवला. दोनदा वाजवला. त्यांनी हात खाली घेतले नाहीत. माय हात धुवायच्या पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्याशेजारी उभी होती.